दोष : बनवणारा

मामाचं सगळं आयुष्य तीन शब्दांवर चाललं होतं: ‘चालेल’, ‘बरं’ आणि ‘बघू’. त्यातही छटा होत्या. ‘चालेल’ पटकन आलं तर खरंच चालायचं. ‘चालेऽल’ असं मधे ताणलं गेलं की अजिबात चालत नसे, पण तसं तो सांगणार नसे. ‘बरं’ म्हणजे बोलणं संपलं. ‘बघू’ म्हणजे तुम्ही बघा, मी निघालो. ही नक्कल कोणालाही पाच मिनिटांत जमेल. हनुवटी छातीला टेकवायची आणि आवाज घशातच ठेवायचा, बाहेर पाठवायचा नाही.

हल्ली मोठी मावशी नातेवाइकांत सांगत फिरते की मामाला तिनेच ‘माणसांत आणला’. हे साफ खोटं आहे, म्हणून खरं काय झालं ते लिहून ठेवते आहे.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. वय बेचाळीस, एकटा, आमच्याच घरी मागच्या खोलीत राहतो. चष्म्यांच्या एका मोठ्या दुकानात काचा घासतो. पुढच्या बाजूला गिऱ्हाइकं आरशात मान वाकडी करून स्वतःला न्याहाळत असतात, आणि मागे, जिथे ना आरसा ना खिडकी, तिथे मामाचं टेबल. गोल काच येते, ती फ्रेमच्या आकाराला घासायची, कड उतरवायची, फ्रेममध्ये बसवायची, काड्यांचे स्क्रू आवळायचे. खिशात कायम करंगळीएवढा स्क्रूड्रायव्हर. कोणाच्या घरी गेला तर माणसांना भेटायच्या आधी तो तिथले सैल स्क्रू शोधतो.

त्या मागच्या खोलीत दोन टेबलं. उजव्या टेबलावर मामा आणि डाव्यावर त्याचा मित्र. दुकानात सगळे त्यांना उजवा आणि डावाच म्हणत. डावा यंत्राच्या आवाजावर आवाज चढवून दिवसभर बोलायचा आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘समजलास?’ विचारायचा, उत्तरासाठी न थांबता. “काल बायकोने मला भाजी आणायला पाठवलं, समजलास? मी आणली, समजलास? ती म्हणाली ही भाजी नाही, हा पाला आहे, समजलास?” मामाला हे फार सोयीचं होतं. चौदा वर्षं एक माणूस त्याच्याशी बोलत होता आणि त्याला काहीही करावं लागत नव्हतं.

दुकानाचा एक नियम आहे: आपण बनवलेला चष्मा आपण पास करायचा नाही. प्रत्येक चष्म्याबरोबर एक चिठ्ठी असते. बनवणारा, तपासणारा, दोष, निकाल, असे चार रकाने. बनवणाऱ्याने सही करून चष्मा शेजारच्या टेबलावर सरकवायचा, दुसऱ्याने यंत्रावर नंबर आणि काचेचा कोन तपासून आपली सही करायची. चौदा वर्षं मामाच्या चष्म्यांवर डाव्याची सही आणि डाव्याच्या चष्म्यांवर मामाची.

मग डाव्याची बायको गेली. आठ दिवसांचं आजारपण, आणि संपलं.

सगळं दुकान डाव्याच्या घरी जाऊन आलं. काउंटरवरच्या मुली गेल्या, मालक गेले, चहावाला गेला. मामा तीनदा निघाला आणि तीनदा त्याच्या इमारतीच्या फाटकापासून परत आला. आईने विचारलं, “भेटलास का रे त्याला?” मामा म्हणाला, “बघू.”

अकराव्या दिवशी डावा कामावर आला आणि आपल्या टेबलाशी बसला. मामाने दहा मिनिटं घेतली. मग हनुवटी छातीला टेकवून म्हणाला, “ऑर्डरी बऱ्याच साचल्यात.”

बायको गेलेल्या माणसाला चौदा वर्षांच्या मित्राने म्हटलेलं पहिलं वाक्य हे. डाव्याने त्याच्याकडे बघितलं. दिवसभर काम केलं, एक शब्द न बोलता, आणि संध्याकाळी मालकांना सांगून दुसऱ्या शाखेत बदली मागून घेतली.

इथून पुढे मामाने जे केलं ते फक्त काचा घासणारा माणूसच करू शकतो. डाव्याच्या चष्म्याच्या उजव्या काचेवर एक ओरखडा होता, तो त्याच्या लक्षात होता. नंबर पाठ होता. मामाने दोन आठवडे जेवणाच्या सुट्टीत बसून डाव्यासाठी नवा चष्मा बनवला, दुकानातल्या सगळ्यात चांगल्या काचा घालून. दोन शाखांमध्ये रोज सकाळी एक पिशवी जाते-येते, तीत तो ठेवून दिला. सोबत पत्र नाही, निरोप नाही. नियमाप्रमाणे चिठ्ठी मात्र होती, ‘बनवणारा’पुढे सही करून.

दुसऱ्या दिवशी चष्मा परत. तपासणाऱ्याच्या जागी डाव्याची सही. निकाल: नापास. दोषाचा रकाना कोरा.

मामाने काय करावं? त्याने काचेचा कोन तपासला. सात वेळा. बरोबरच होता. तरी त्याला वाटलं, डावा नापास म्हणतो म्हणजे कुठेतरी अर्ध्या अंशाचा फरक असणार. त्याने नव्या काचा घेतल्या, पुन्हा घासल्या, पुन्हा पाठवला.

नापास. दोष कोरा.

तिसऱ्या वेळी फ्रेमही बदलली. तिसऱ्यांदाही चष्मा परत आला, पण या वेळी दोषाच्या रकान्यात एक शब्द होता: ‘बनवणारा’.

त्यानंतर मामाची झोप गेली. रक्तदाबवाल्या डॉक्टरांनी गोळी वाढवली नाही, एका समुपदेशक बाईंचा पत्ता लिहून दिला. घरात जो काय गोंधळ उडाला.

आई प्रत्येक वाक्य ‘मी म्हणते’ने सुरू करते, आणि ती जे म्हणते ते आधी कोणी म्हटलेलंच असतं. “मी म्हणते, बोलायचंच आहे तर आमच्याशी बोल की. आम्ही काय मेलो का?”

मोठी मावशी वाक्य बोलत नाही, ती सूचना वाचून दाखवते. एकेका शब्दाआधी थांबून. “त्याला. माणसांची. सवय नाही. त्याने. चार लोकांत. मिसळायला हवं.”

“गुरुवारी साडेपाचला जाणार आहे,” मामा म्हणाला. हे त्याच्या तीन शब्दांत नव्हतं.

बाईंची खोली एका झेरॉक्सच्या दुकानावर, तीन जिने चढून. खाली यंत्र चालू असलं की वरच्या जमिनीला बारीक कंप सुटतो. दोन खुर्च्या, एक बुटकं टेबल, कागदी रुमालांचा डबा आणि सांगितल्यासारखं एकाच बाजूला वाढलेलं एक झाड. बाई पन्नाशीच्या, आवाज कायम सर्दी झाल्यासारखा. मामा दर गुरुवारी येऊन मला सगळं सांगायचा, तेही सपाट, बातमी दिल्यासारखं. आवाज मीच भरले. एकदा जिन्यात बाई भेटल्या तेव्हा ताडून पाहिलं, तंतोतंत होता.

पहिल्या दोन गुरुवारी मामा बरं, बरं म्हणत राहिला. तिसऱ्या गुरुवारी बाईंनी विचारलं, “डाव्यांच्या घराच्या फाटकाशी उभे होता तेव्हा पोटात काय होत होतं?”

बाईंचा चष्मा टेबलावर होता. मामाने तो उचलला, खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, नाकावरच्या पट्ट्या सारख्या केल्या, डावी काडी आवळली, रुमालाने काचा पुसल्या आणि चष्मा बाईंपुढे ठेवला.

बाईंनी तो घातला. “छान बसलाय,” त्या म्हणाल्या. “घसरतही नाही आता. पण आत्ता काय झालं ते सांगू का? मी तुम्हाला दुखेल असं काहीतरी विचारलं. तुम्ही माझा चष्मा दुरुस्त केलात. आणि ती चार मिनिटं मी इथे एकटीच बसले होते.”

मामा म्हणाला, “चालेऽल.”

“काय चालेल?”

मामाने स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवला. बाई म्हणाल्या, “हे चष्मा प्रकरण अजून कोणाबरोबर झालंय का?”

मामा सांगतो, तेव्हा त्याचे कान गरम झाले.

तर त्या बाईंची पद्धत ही अशी. डाव्याबद्दल त्या फार विचारतच नसत. त्यांचं म्हणणं, डावा या खोलीत नाही, मी आहे. तुम्ही बाहेर माणसांशी जे करता तेच इथे माझ्याशी करणार, आणि ते झालं की मी तिथल्या तिथे सांगणार. तुमच्या वागण्याने मला काय वाटलं तेही सांगणार. मग जे बाहेर करायला भीती वाटते ते आधी माझ्याबरोबर करा.

त्या आठवड्यात त्यांनी गृहपाठ दिला, रोज कोणाला तरी मनातली एक गोष्ट सांगायची. मामाने घरीच दुकान मांडलं. मला डावा व्हायला सांगितलं. मी डावा झाले. “आलास का, समजलास? चार महिन्यांनी, समजलास?” इतका हुबेहूब झाला की मामा पलंगावर आडवा पडून हसला आणि बोलायचं राहूनच गेलं. बाईंना त्याने हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “भाचीला माझा नमस्कार सांगा. पण तो खोटा डावा आहे, तो तुम्हाला नापास करणार नाही. मी खरी आहे. मी दुखावू शकते आणि मला दुखवता येतं. माझ्याशी बोला.”

मला थोडं लागलं. पण बाईंचं बरोबर होतं.

पाचव्या गुरुवारी मामा तीन जिने चढून गेला तर दाराला कुलूप. बाईंचा निरोप फोनवर आला, पण अर्ध्या तासाने, तो परतीच्या वाटेवर असताना. पुढच्या गुरुवारी बाई म्हणाल्या, “मागच्या वेळी तुमची खेप फुकट गेली.”

“काही हरकत नाही,” मामा म्हणाला. “चालेऽल.”

“तुमचा आवाज आत्ता इस्त्री केल्यासारखा सपाट झाला. मला वाटतं तुम्ही रागावला आहात.”

“छे.”

बाई थांबल्या. खालचं झेरॉक्सचं यंत्र सुरू झालं, जमीन थरथरली, यंत्र बंद झालं. बाई थांबलेल्याच. मामाने टेबलाकडे बघितलं. त्या दिवशी चष्मा बाईंच्या नाकावर होता, टेबलावर दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी मुद्दाम घातला असणार, मी सांगते.

“आलाय राग,” मामा म्हणाला. “तुमच्याकडे दिवसाला सहा माणसं येतात. मला आठवड्यात एकच गुरुवार असतो. मी सकाळपासून काय बोलायचं ते जुळवत असतो. तीन जिने चढलो, तर कुलूप. तुम्ही मला सांगता मनातलं बोला, आणि स्वतः निरोप वेळेवर देत नाही. हे काही बरोबर नाही.”

एवढं सलग तो कधी बोलला नव्हता. बोलून झाल्यावर उठून जायला तयार होऊन बसला, खुर्चीच्या कडेवर.

“बरोबर आहे तुमचं,” बाई म्हणाल्या. “मी निरोप आधी द्यायला हवा होता. चुकलं माझं. आणि एक सांगते, तुम्ही हे बोललात तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की तुम्ही खरंच माझ्यासमोर बसला आहात. तुम्ही मला आज जास्त जवळचे वाटलात.”

“ते तुम्ही पैसे घेता म्हणून.”

“पैसे मी वेळेचे घेते. वाटण्याचे वेगळे लावत नाही.”

मामाला हसू आलं. बाईंनाही आलं. मग त्या म्हणाल्या, “बघा, तुम्ही रागावलात आणि मी उठून गेले नाही. मी चूक कबूल केली आणि तुम्ही उठून गेला नाहीत. आता चौदा वर्षं शेजारी बसलेल्या माणसाचं बघा.”

घरी हे सांगितल्यावर आई म्हणाली, “मी म्हणते, भांडायला पैसे देऊन जातोस? घरी फुकट भांडलो असतो.”

“घरी मी भांडलोच नाही, ताई,” मामा म्हणाला. “मी नुसता बरं म्हणत होतो. उदाहरणार्थ, तू माझे शर्ट न विचारता टाकून देतेस, ते मला आवडत नाही.”

आईने ‘मी म्हणते’ म्हटलं आणि पुढे तिला काही सुचेना. हा क्षण मी जपून ठेवला आहे.

त्याच रविवारी मावशीच्या ऑफिसची सहल होती. दोन बसगाड्या, ऐंशी माणसं, आणि तिने मामाचं नाव न विचारता घातलं होतं. शनिवारी सकाळी ती आली आणि उभ्या उभ्या सूचना वाचली. “उद्या. सात वाजता. कोपऱ्यावर. उभं राहायचं. सगळ्यांशी. हसून बोलायचं.”

“मी येणार नाही, अक्का,” मामा म्हणाला.

“का?”

“मला ऐंशी माणसं नकोत. मला एक हवाय, आणि तो तुझ्या बसमध्ये नाही.”

“अरे पण. त्या बाईकडे जातोस. ते. लोकांत. मिसळण्यासाठीच ना?”

“नाही. मला गर्दीत ठेवलं तर मी गर्दीत एकटा बसेन. मी असाच आहे आणि तसा बराही आहे. मला एका माणसापुढे उभं राहता येत नाही, तेवढंच शिकायला जातो. नाव काढून टाक माझं.” आणि तो आवाज न चढवता आपल्या खोलीत गेला. मावशी आईकडे वळून म्हणाली, “हा. बिघडला.” त्या दिवशीचा तिचा चेहरा ज्याने पाहिला त्याला तिच्या ‘माणसांत आणला’ची किंमत कळेल.

रविवारी अकरा वाजता, मावशीच्या बसगाड्या कुठेतरी लांब धूळ उडवत असताना, मामा डाव्याच्या दाराशी उभा होता. हात रिकामे. स्क्रूड्रायव्हर घरी माझ्या टेबलावर ठेवून गेला होता, कारण दाराची कडी सैल दिसली असती तर संपलंच.

डाव्याने दार उघडलं. नाकावर तोच ओरखड्याचा चष्मा.

“काय आणलंस?” डावा म्हणाला.

“काही नाही.”

“मग कशाला आलास?”

मामा जुळवलेलं सगळं विसरला होता. “मी चार महिने आलो नाही,” तो म्हणाला. “तीनदा फाटकापर्यंत आलो. मला भीती वाटली. तू रडलास तर काय करायचं ते मला कळत नव्हतं. अजूनही कळत नाही. पण मी आलोय.”

“सगळे येऊन गेले, समजलास?” डावा म्हणाला. “आमच्या गल्लीतला भंगारवाला आला. ज्याचं नाव मला माहीत नाही तो आला. आणि तू? ती आजारी असताना रोज विचारायची, तुमचा उजवा नाही आला? मी काय सांगायचं तिला? ऑर्डरी साचल्यात?”

मामाच्या तोंडात ‘बरं’ आलं होतं. ते त्याने गिळलं. “बोल,” तो म्हणाला. “मी ऐकतोय. जात नाही.”

“जा.”

“नाही जात.”

“अरे ए, चालता हो म्हणतो ना मी.”

“तू दार लाव हवं तर. मी जिन्यात बसतो.”

डाव्याने दार लावलं. मामा जिन्यात बसला. दहा मिनिटांनी दार उघडलं, डाव्याने राहिलेलं बोलून घेतलं, त्यात मामाच्या चौदा वर्षांच्या गप्प बसण्याचा पूर्ण हिशेब आला, आणि दार पुन्हा लावलं. असं तीनदा झालं. शेजारची म्हातारी पहिल्या दोन खेपांना दार किलकिलं करून ऐकत होती, तिसऱ्यांदा तिने खुर्चीच आणली. शेवटी डावा म्हणाला, “आणि उद्या यायचं नाही, समजलास?”

“येणार,” मामा म्हणाला.

सोमवारी गेला. दार उघडलं नाही. मंगळवारी उघडलं, दोघं न बोलता उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभे राहिले. बुधवारी डाव्याने रडायला सुरुवात केली. मामाला काय करायचं ते कळलं नाही, म्हणून तो तसं म्हणाला: “मला कळत नाही काय करू.” डावा म्हणाला, “नुसता थांब ना, गाढवा.” तो थांबला. गुरुवारी साडेपाचला बाईंकडे जायचं होतं, तिथे गेला आणि हे सगळं सांगितलं. बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले, आणि मामाने त्या चष्म्याला हात लावला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी आमच्या दाराची बेल वाजली आणि वाजतच राहिली. आई उघडायला गेली. डावा. त्याला आमच्या घरी कोणी कधी पाहिलं नव्हतं, पण तोंड उघडल्यावर मी लगेच ओळखला. माझ्या डाव्याचा आवाज जरा जास्तच मोठा होता, एवढाच फरक.

“काल का नाही आलास?” तो आईच्या खांद्यावरून आत ओरडला. “मी सातपर्यंत वाट बघत होतो, समजलास?”

मामा मागच्या खोलीतून बाहेर आला. आम्ही सगळे बघत होतो. मावशीही होती, सहलीचे फोटो दाखवायला आलेली. मामाने मान खाली घातली नाही.

“काल माझा गुरुवार होता,” तो म्हणाला. “तुला बुधवारी सांगायला हवं होतं. चुकलं. पण तू मला ये असं एकदाही म्हणाला नव्हतास.”

“म्हणायला लागतं का?”

“हो. मला लागतं. मला न सांगता कळत नाही.”

डावा दारातच उभा. मग म्हणाला, “बरं. उद्या ये.”

“उद्या कशाला, आत ये की,” मामा म्हणाला आणि आमच्याकडे वळला. “तुम्ही सगळे स्वयंपाकघरात जा.”

“मी म्हणते, आमच्यासमोर बोललात तर काय बिघडलं?” आई म्हणाली.

“बिघडेल,” मामा म्हणाला.

इतकी वर्षं ‘बोल रे, बोल रे’ करणाऱ्या दोघी बहिणी बैठकीच्या खोलीतून बाहेर काढल्या गेल्या आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. मधलं दार बंद झालं. मावशीने दाराला कान लावला. आईने तिला ढकलून आपला लावला. आतून फक्त एक ‘समजलास?’ ऐकू आलं, आणि त्यामागे बराच वेळ शांतता, कारण या वेळी डावा उत्तरासाठी थांबला होता.

“काय. बोलतोय. हा?” मावशी कुजबुजली.

तेवढ्यात दार चार बोटं उघडलं. मामा होता. डोळे लाल, मान ताठ.

“दोन कप चहा हवाय,” तो म्हणाला, “आणि अक्का, दारापासून लांब उभी राहा.”